बजीच्या रंगांची शंभर वर्षं

पुण्यातल्या बाल्कन्यांत आज सर्वांत जास्त दिसणारा पाळीव पक्षी बहुधा बजीच असेल. दुकानदार तो ‘लव्हबर्ड’ म्हणून खपवतात, ते सोडून देऊ. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे; बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे त्याला ही आडकाठी नाही. मातीच्या मटकीत अंडी घालणारा आणि राळ्यावर पोसला जाणारा हा जीव आज निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांत मिळतो. या रंगांना शिस्त लावली ती इंग्लंडमधल्या एका संस्थेने. १९२५ साली ती ‘बजेरिगार क्लब’ म्हणून सुरू झाली आणि १९३० मध्ये ‘बजेरिगार सोसायटी’ झाली.

रानातला बजी हिरवाच असतो. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडात आणले. पुढे बेल्जियममध्ये आधी पिवळे आणि मग निळे निपजले. १९१० मध्ये निळे बजी लंडनच्या प्रदर्शनात झळकले. १९२०च्या दशकात जपानी श्रीमंतांनी निळ्या जोडीसाठी वाटेल ती किंमत मोजली, मग तो बाजार कोसळला. असल्या सट्ट्याच्या दिवसांत क्लब निघाला, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. नुसती हौस करून भागणार नव्हतं, हिशेब हवा होता.

हिशेबाचं शास्त्र जर्मनीतून आलं. ब्रेमेनमधले शिक्षक हान्स डुंकर यांनी कार्ल क्रेमर या धनिकाच्या पक्षिगृहात जोड्या लावून मेंडेलचे नियम बजीवर पडताळले. (हेच डुंकर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या कल्पनांचे समर्थक झाले, पक्ष्यांवरून माणसांवर घेतलेली ती उडी भयंकर होती.) निळा रंग अप्रभावी असतो. दिसायला हिरवे, पण निळ्याला ‘स्प्लिट’, म्हणजे निळ्याचं जनुक लपवून असलेले नर-मादी जोडले, तर सरासरी चारांत एक पिल्लू निळं निघतं. ल्युटिनो, म्हणजे लाल डोळ्यांचा पिवळा, लिंगाशी बांधलेला असतो. ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी यांच्या सगळ्या मुली ल्युटिनो, मुलगे मात्र दिसायला हिरवे आणि आतून स्प्लिट. हिरव्या बजीच्या पिसांत पिवळं रंगद्रव्य असतं, निळेपणा मात्र पिसाच्या घडणीतून येतो. एका जनुकातल्या बदलामुळे पिवळं द्रव्य तयारच होत नाही आणि निळा उरतो, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं.

सोसायटीचं खरं काम नोंदीचं आहे. आदर्श पक्षी कसा असावा याचं मानक तिने ठरवलं, प्रदर्शनांना परीक्षक तयार केले आणि पिल्लाच्या पायात लहानपणीच सरकवायच्या बंद कड्या सुरू केल्या. कडीवर पाळणाऱ्याचा संकेत, क्रमांक आणि साल. पाय वाढला की ती निघत नाही, म्हणून वय आणि घराणं लपवता येत नाही.

या मानकाने नुकसानही केलं, असं माझं मत आहे. मोठं डोकं आणि डोळ्यांवर येणारी पिसं यांनाच बक्षिसं मिळत गेली, तेव्हा प्रदर्शनी बजी रानातल्या चपळ पक्ष्यापासून फार लांब गेला. रंगांच्या मागे लागून भाऊ-बहिणींच्या जोड्या लावणं हा त्याच मोहाचा दुसरा अवतार. आपल्याकडे तर नोंदवहीच नसल्यामुळे ते नकळत होतं. बाजारातून आणलेला निळा नर आणि निळी मादी एकाच मटकीतली नाहीत, हे कोण सांगणार?

पुण्यातल्या हौशी मंडळींना म्हणून एकच विनंती. पुढची जोडी लावण्याआधी एक वही घ्या. आई-बाप, अंडी घातल्याची तारीख, पिल्लांचे रंग आणि कडीचे क्रमांक तिच्यात लिहा. आणि नोंद नसलेला पक्षी कितीही देखणा असला तरी तो पाळायला घ्या, पैदाशीला नको.