वेदना हरवलेला देह

डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली, तेव्हा तिचे सत्तरी ओलांडलेले नायक बाबा आमटे यांना बसता येत नव्हते. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तरुण मंडळी सायकलींवर आणि बाबा वाहनातल्या बिछान्यावर, अशी ती यात्रा काश्मीरकडे गेली.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या या माणसाचा कणा मानेत व कमरेत झिजला होता. आपल्या घरांतून पाठीचे सारे विकार एकाच शब्दात उरकले जातात. परंतु मणक्यांची झीज निराळी आणि मज्जारज्जूचा आघात निराळा. मणके हाडांचे. त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू मेंदूपासून कमरेपर्यंत उतरतो. हालचालीच्या आज्ञा त्यातून खाली जातात, संवेदनांची वार्ता वर येते. मोडलेले हाड सांधते. तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही. आघात मानेत झाला तर चारही अवयव जातात, पाठीत झाला तर पाय. मलमूत्रावरचा ताबाही सुटतो. आणखी एक गोष्ट जाते, जिच्याकडे कुणाचे लक्ष नसते: वेदना.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकीय ग्रंथात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन आहे, आणि त्यावर उपचार नाही असा निर्वाळाही आहे. तो निर्वाळा विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच टिकला. पहिल्या महायुद्धातले असे जखमी सैनिक बहुधा दोनेक वर्षांत दगावत. मात्र मूळ जखमेने नव्हे, तर अंथरुणावर पडून झालेल्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे एक साधा नियम कठोरपणे लावला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. जगलेल्या रुग्णांना त्यांनी खेळायला लावले; १९४८ च्या १६ जणांच्या धनुर्विद्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी त्याच स्पर्धांत १९७२ साली पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले.

हाच धडा भारतात कुष्ठरोगाच्या वाटेने आला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडत नाहीत. चटका लागलेला, काटा रुतलेला कळत नाही, म्हणून ती झिजतात. दुखणे हा देहाचा राखणदार आहे, हे त्यातून उमगले. तेथेच डॉ. मेरी वर्गीस होत्या. १९५४ च्या मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले आणि काही काळाने त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. शल्यविशारदाचे पाय बधिर, रुग्णाचे हात बधिर! १९६६ साली वेल्लोरला पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने.

१९५१ पासून आनंदवनातही असेच बधिर हात माती खणत आणि पीक काढत आले. मोलोकाईच्या फादर डेमियन यांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार बाबांना १९८३ साली मिळाला, यात काही विशेष औचित्य होते असे मला वाटते.

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तिथल्या भामरागडकडच्या गावांतून नदीनाल्यांना पूर आला की रोग्याला खाटेवर घालून खांद्यावरून आणण्याची रीत आहे. हेमलकशाच्या लोक बिरादरी दवाखान्यात, १९७३ पासून, कितीतरी माणसे अशीच आली. बाळंतिणीला वा तापकऱ्याला ही खाट उपकारक ठरते. पण झाडावरून पडलेल्याला तीच घातक होऊ शकते. विणलेली खाट मध्ये झोळ खाते, कणा वाकतो, आणि नुसता हललेला मणका आतल्या मज्जारज्जूला चिरडतो. पडताना न झालेली इजा उचलताना होते. म्हणून अशा माणसाला बसते करू नये, काखेत व पायांना धरून उचलू नये. डोके, धड आणि पाय एकाच वेळी, एकाच रेषेत कुशीवर वळवावेत, खाली घराच्या दाराची फळी सरकवावी, मानेच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावाव्यात आणि मगच ती फळी खांद्यावर घ्यावी.