बाळ ‘काचेत’, आई वॉर्डात: दूध काढून बाळापर्यंत कसं पोहोचवायचं?

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात ही वेळ कुणावरही येऊ शकते. बाळंतपण दिवसांच्या आधीच झालं. बाळाचं वजन दीड किलोच्या आसपास. डॉक्टर सांगतात, "बाळाला वाशिमला हलवावं लागेल, काचेत ठेवावं लागेल." बाळासोबत वडील किंवा आजी अॅम्ब्युलन्समध्ये बसतात. सिझेरियनचे टाके पडलेली आई इथेच राहते. मधे चाळीसेक किलोमीटरचं अंतर.

या धावपळीत एक प्रश्न मागे पडतो. बाळाला पाजायचं काय? अनेकदा कुणीतरी नातेवाईक मेडिकलमधून पावडरचा डबा आणतो आणि आईला सांगितलं जातं, "तू आता आराम कर." पण याच पहिल्या काही तासांत आईने काढलेलं दूध बाळासाठी औषधाइतकंच महत्त्वाचं असतं.

बाळाला ‘काचेत’ ठेवतात म्हणजे कुठे?

सरकारी व्यवस्थेत नवजात बाळांसाठी तीन पायऱ्या आहेत. जिथे बाळंतपणं होतात तिथे ‘नवजात शिशू कोपरा’ असतो. त्याच्या वर, निवडक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, बाळाची प्रकृती स्थिर करणारं युनिट असतं. सगळ्यात वर, साधारणपणे जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये, ‘विशेष नवजात शिशू काळजी कक्ष’ म्हणजेच एसएनसीयू असतो.

१८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ सहसा एसएनसीयूत पाठवतात. श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, झटके किंवा जास्त कावीळ असलेली पूर्ण दिवसांची बाळंही तिथेच जातात. लोक ‘काच’ किंवा ‘पेटी’ म्हणत असले तरी बरीचशी बाळं उघड्या वॉर्मरवर असतात. वरून मिळणारी ऊब त्यांच्या शरीराचं तापमान टिकवते.

बाळ ओढतच नाही, मग दूध काढायचं कशाला?

दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टींचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला अंगावर नीट पिता येत नाही, पण त्याच्या पोटाला आईचंच दूध सर्वांत जास्त मानवतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांची आतडी नाजूक असतात. त्यांच्यात आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा एक गंभीर आजार दिसतो. पावडरच्या दुधाच्या तुलनेत आईच्या दुधावर हा धोका कमी असतो. सुरुवातीच्या घट्ट, पिवळसर दुधात, म्हणजे चिकात, रोगाशी लढणारे घटक भरपूर असतात. शिवाय दिवसांआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनांचं प्रमाण जास्त असतं.

दुसरं कारण आईच्या शरीराशी जोडलेलं आहे. स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध तयार होतं. आठ-दहा दिवस दूध काढलंच नाही तर बाळ ओढण्याइतकं मोठं होईपर्यंत आईचं दूध आटत जातं. तेव्हा ते परत आणणं खूप कठीण होतं.

सुरुवात केव्हा करायची?

शक्य असेल तर बाळंतपणानंतर पहिल्या तासातच. ते जमलं नाही तर सहा तासांच्या आत तरी सुरुवात व्हायला हवी. सिझेरियन झालेली आई पडल्या पडल्या किंवा टेकून बसून, नर्सच्या मदतीने दूध काढू शकते. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी, म्हणजे २४ तासांत किमान आठ वेळा. रात्रीची वेळ चुकवायची नाही, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं.

हाताने दूध कसं काढायचं?

• हात साबणाने धुवा. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा. उकळून कोरडी केलेली, रुंद तोंडाची वाटी घ्या.
• आरामात बसा. कोमट ओल्या कपड्याने स्तन शेका आणि बाहेरून बोंडाच्या दिशेने हलकेच चोळा.
• बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला वर अंगठा आणि खाली पहिलं बोट ठेवा.
• बोटं आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग एकमेकांकडे दाबा आणि सोडा. हीच क्रिया एका लयीत करत राहा.
• बोटं त्वचेवर घासू नका. नुसतं बोंड पिळू नका. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे, नर्सला दाखवा.
• तीन ते पाच मिनिटांत धार कमी झाली की दुसऱ्या बाजूला जा. असं आलटून पालटून २० ते ३० मिनिटं करा.

पहिले दोन-तीन दिवस हातानेच काढणं सोयीचं, कारण चीक थेंबाथेंबाने येतो आणि पंपाच्या नळीत वाया जातो. पुढे पंप वापरायचा असेल तर त्याचे दुधाला लागणारे भाग प्रत्येक वेळी धुऊन निर्जंतुक करावे लागतात. बाळाचा फोटो जवळ ठेवला किंवा बाळाला भेटून आल्यावर लगेच बसलं तर पान्हा लवकर फुटतो, असा अनेक आयांचा अनुभव असतो.

"दूधच उतरलं नाही" असं वाटलं तर?

सर्वाधिक आया इथेच हिंमत सोडतात. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला जेमतेम चमचाभर चीक दिसतो आणि घरचे म्हणतात, "हिला दूधच नाही." पण बाळाची गरजही तेवढीच असते. दीड किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी साधारणपणे किलोमागे ६० मिलिलिटर, म्हणजे दिवसभरात ९० मिलिलिटर द्रव लागतो. तो सगळा दुधातून देता आला तरी दर दोन तासांनी सात-आठ मिलिलिटर होतात. बाळ जास्त आजारी असेल तर बराचसा द्रव सलाइनमधून जातो आणि दूध थेंबांनीच सुरू होतं. नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतात.

भरपूर दूध बहुतेक आयांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतं. सिझेरियननंतर किंवा दिवसांआधी बाळंतपण झाल्यास एक-दोन दिवस जास्त लागू शकतात. तोवर काढलेला एकही थेंब फेकायचा नाही. मध, गुळाचं पाणी, घुटी यातलं काहीही बाळाला द्यायचं नाही.

दूध ठेवायचं आणि न्यायचं कसं?

काढलेलं दूध निर्जंतुक, घट्ट झाकणाच्या स्टील, काच किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या डब्यात भरावं. त्यावर आईचं नाव, तारीख आणि वेळ लिहावी. खोलीत २५ अंशांपर्यंत तापमान असेल तर दूध चार तास टिकतं. विदर्भातला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे इथे हा हिशोब लागू पडत नाही. दूध लगेच कक्षातल्या नर्सकडे द्यावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं. दाखल बाळासाठी फ्रिजमधलं दूध २४ तासांच्या आत वापरणं चांगलं.

आई मंगरूळपीरला आणि बाळ वाशिमला असेल तर दूध बर्फाच्या पॅकसह थर्मासच्या डब्यात नेता येतं. त्याआधी बाळाच्या कक्षात फोन करून तिथे ते स्वीकारतात का, किती वाजता द्यायचं, हे विचारून घ्यावं. पण खरा उपाय आईलाच बाळाजवळ हलवणं हा आहे. आईची प्रकृती स्थिर असेल तर तिलाही त्याच रुग्णालयात पाठवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधं आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्याचा प्रवास आई आणि आजारी नवजात बाळ दोघांसाठी मोफत आहे.

दूध गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. डबा कोमट पाण्यात धरला की पुरे. उरलेलं उष्टं दूध पुन्हा वापरू नये.

बाळाला हे दूध कसं देतात?

बाळ किती आठवड्यांचं आहे, यावर ते ठरतं. साधारण ३२ आठवड्यांआधीच्या बाळाला नाकातून किंवा तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. ३२ ते ३४ आठवड्यांच्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने. पलाडाई म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, आपल्याकडच्या जुन्या बोंडल्यासारखीच. फरक पद्धतीत आहे. बाळाला आडवं करून घशात दूध ओतायचं नाही. डोकं उंच धरून, ओठांवर थोडं थोडं दूध देऊन, त्याला स्वतः गिळू द्यायचं. बाटली टाळावी. ती नीट स्वच्छ होत नाही आणि पुढे अंगावर पिण्याची सवय लागायला अडचण येऊ शकते.

बाळ स्थिर होत असताना आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, दूध वाढायलाही मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. वडील किंवा आजीही बाळाला असं घेऊ शकतात.

आईचं दूध मिळणं शक्यच नसेल तर?

आई अत्यवस्थ असेल तर दुसरा पर्याय दान केलेल्या, तपासलेल्या दुधाचा. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात अशी पेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली मानली जाते. अशा पेढीत दान करणाऱ्या आईच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारख्या तपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करतात. म्हणूनच शेजारच्या खाटेवरच्या आईचं न तपासलेलं दूध परस्पर देऊ नये. आईचं दूध विकायला परवानगी नाही, असं देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये बजावलं आहे.

पावडरचं दूध डॉक्टरांनी सांगितलं तरच द्यावं. १९९२ च्या कायद्याने त्याची जाहिरात करायला आणि आयांना मोफत नमुने वाटायला बंदी आहे.

घरच्यांनी काय करावं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं रुग्णालयात झाली. पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच होती. रुग्णालयात पोहोचल्यावरही पहिलं दूध मागे राहतं. ते राहू नये म्हणून आईला वेळेवर जेवण, पाणी, झोप मिळेल हे पाहावं, वाट्या उकळून द्याव्यात, रात्री दोनला गजर लावून तिच्यासोबत जागावं. थेंब मोजून तिला बोलू नये.

आईला एचआयव्ही किंवा दुसरा आजार असेल, मोठी औषधं सुरू असतील, तर दूध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. घरी आल्यावर बाळ सुस्त पडलं, दूध घेईनासं झालं, अंग थंड किंवा गरम लागलं, श्वास जोरात चालू लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. अॅम्ब्युलन्ससाठी १०२ किंवा १०८, आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४. गावातल्या आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात. त्यांना बाळ एसएनसीयूत होतं, हे आवर्जून सांगावं.