उपस्थितीची वार्ता

संदेश पाठविणें ही मनुष्याची फार जुनी कला आहे. परंतु ज्याला तो पाठवावयाचा तो या क्षणीं ऐकावयास बसला आहे कीं नाहीं, हें आधींच कळण्याची सोय मात्र अलीकडची. पत्र टाकणारा उत्तराची वाट पाही; दारीं आलेला पाहुणा कडी वाजवून ‘घरीं आहेत काय?’ असें विचारी. आंतून ‘नाहींत’ असें उत्तर आलें, तर तें खरें मानून परत फिरणें हा शिष्टाचार होता. संगणकावरील तत्काळ संदेशाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, त्यांत संदेशापेक्षां या प्रश्नोत्तरालाच अधिक महत्त्व आहे.

१९७१ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत लेस अर्नेस्ट यांनीं ‘फिंगर’ नांवाची एक लहानशी आज्ञावली रचिली. त्या काळीं एकच मोठा संगणक अनेकजण वांटून वापरीत. या घटकेला कोण कामावर आहे याची यादी यंत्र दाखवी खरें. पण हवा असलेला मनुष्य तींतून ओळखून काढण्याकरितां लोकांना यादीवरून बोट फिरवीत बसावें लागे. त्या बोटावरूनच आज्ञावलीस नांव मिळालें. फिंगर माणसाचें पूर्ण नांव सांगे. त्यानें कळपट्टीला शेवटचा हात लावून किती वेळ झाला तें सांगे. आणि तो निघून गेला असल्यास शेवटीं केव्हां आला होता तेंहि सांगे.

ही सोय लोकांना आवडली. पण तिच्याबरोबर त्यांनीं दुसरीहि मागितली. आपण कां नाहीं, व अवेळीं कोठें भेटूं, हें आपल्याच शब्दांत लिहून ठेवण्यास जागा हवी, असें ते म्हणूं लागले. अर्नेस्ट यांनीं त्याकरितां ‘प्लॅन’ नांवाची टिपणी जोडून दिली. या इतिहासाचें सर्व सूत्र या एका मागणींत सांठविलेलें आहे. यंत्रानें ‘आहे’ म्हणावयास आरंभ करतांच मनुष्यानें ‘नाहीं’ म्हणण्याचा आपला अधिकार मागून घेतला.

फिंगरचे नियम १९७७ सालीं लिखित झाले व ती अनेक विद्यापीठांत पसरली. परंतु २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला संगणकी कीडा ज्या दारांनीं यंत्रांत शिरला, त्यांत फिंगरचेंहि एक दार होतें. परक्याला आपल्या घरांतील माणसांची हजेरी सांगत बसणें धोक्याचें आहे हें कळून पुढील दशकांत बहुतेक संस्थांनीं तें बंद केलें.

दरम्यान संभाषणाचीं साधनें वाढत होतीं. १९७३ सालीं इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणयंत्रणेवर डग ब्राउन व डेव्हिड वूली यांनीं ‘टॉकोमॅटिक’ केलें. त्यांत लिहिणाऱ्याचें प्रत्येक अक्षर उमटतांच दुसऱ्यास दिसे. ऑगस्ट १९८८ मध्यें फिनलंडमधील औलू विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन यांनीं ‘आय्‌. आर्‌. सी.’ निर्माण केलें. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नियमांत ‘अवे’ ही आज्ञा आहे. ती देऊन कारण लिहिलें म्हणजे खासगी निरोप धाडणाऱ्यास तें आपोआप कळतें.

सामान्य घरांत ही सोय पोंचविली ती इस्रायलमधील मिराबिलिस कंपनीनें नोव्हेंबर १९९६ मध्यें काढलेल्या ‘आय्‌. सी. क्यू.’नें, आणि मे १९९७ मध्यें आलेल्या अमेरिका ऑनलाइनच्या संदेशकानें. मित्रांची यादी सतत डोळ्यांपुढें असे. या दुसऱ्या संदेशकावर मित्र आला कीं दार उघडल्याचा व गेला कीं दार लोटल्याचा आवाज होई. ‘कामांत आहें’, ‘त्रास देऊं नये’, इतकेंच नव्हे तर असूनहि न दिसण्याची ‘अदृश्य’ स्थिति आय्‌. सी. क्यू.नें देऊं केली. १९९८ सालीं अमेरिका ऑनलाइननें मिराबिलिस विकत घेतली, तेव्हां २८.७ कोटि डॉलर रोख मोजले. आज दोन्ही सेवा उरलेल्या नाहींत. एक २०१७ सालीं मिटली, दुसरी २०२४ सालीं.

हीच सोय संकेतस्थळांत घालणें सोपें नव्हतें. संकेतस्थळ विचारल्यावर उत्तर देतें. न विचारतां बोलणें त्याच्या मूळ नियमांत बसत नाहीं. म्हणून पानानें दर कांहीं सेकंदांनीं ‘कांहीं आलें काय?’ असें विचारावें, किंवा सर्व्हरनें उत्तर हातीं राखून निरोप येतांच तें सोडावें, अशा युक्त्या निघाल्या. २००६ सालीं जीमेलच्या पानांत व एप्रिल २००८ मध्यें फेसबुकवर संभाषण आलें. दोन्ही बाजूंनीं केव्हांहि बोलतां यावें असा वेबसॉकेटचा संकेत डिसेंबर २०११ मध्यें ठरला. तरी एक अडचण उरलीच. येणारा दार वाजवून येतो. जाणारा सांगून जातोच असें नाहीं. वीज जाते, जाळें तुटतें. म्हणून यंत्र ठराविक काळानें त्याची चाहूल घेतें, आणि ती लागेनाशी झाली म्हणजे तो गेला असें समजतें. तात्पर्य, नांवाजवळील हिरवा ठिपका हा पुरावा नसून अनुमान आहे.

२००९ सालीं जान कूम यांनीं व्हॉट्सॲप काढलें तें प्रथम संदेशाकरितां नव्हेच, तर नांवापुढें आपली स्थिति लिहिण्याकरितां. ती बदलल्याची सूचना मित्रांना जाऊं लागतांच लोक त्या ओळींतूनच बोलूं लागले, आणि मग संदेश आले. पुढें ‘शेवटचें दर्शन’ व नोव्हेंबर २०१४ मध्यें वाचल्याची निळी खूण आली, ओरड झाली, ती खूण बंद ठेवण्याची मुभा लवकरच द्यावी लागली. आपण हजर असल्याचें लपविण्याची मुभा मात्र २०२२ सालीं मिळाली.

पुण्याची आई परदेशांतील मुलाच्या नांवाखालील वेळ पाहून निश्चिंत झोंपते, हा या सोयीचा उपकार नाकारतां येणार नाहीं. पण त्याच वेळेवरून ‘रात्रीं दोन वाजतां जागा होतास, मग उत्तर कां नाहीं?’ असा जाबहि विचारला जातो. प्लॅनमध्यें मनुष्य आपल्या गैरहजेरीविषयीं स्वतः बोलत होता. आतां त्याच्याविषयीं यंत्र साक्ष देतें, आणि ती साक्ष अनुमानाची असूनहि माणसाच्या शब्दाहून खरी मानली जाते. दार बसविणाऱ्यानें आंतून कडीहि बसवावी हें कारागिरांना पन्नास वर्षांत पुनःपुन्हां शिकावें लागलें. ‘घरीं नाहींत’ हें उत्तर ऐकून परत फिरण्याचा जुना शिष्टाचार मात्र कोणताहि कारागीर बसवून देऊं शकत नाहीं. तो घराघरांतच शिकला पाहिजे.