व्यसनाधीनता आणि मेंदूतील रसायने

व्यसनाधीनता ही मेंदूच्या प्रेरणा, ताण व आत्मसंयम यांच्याशी निगडित यंत्रणांमध्ये बदल घडवणारी दीर्घकालीन अवस्था आहे. दुष्परिणाम दिसत असूनही सेवन थांबवता न येणे हे तिचे मुख्य लक्षण होय. ती केवळ चारित्र्याची दुर्बलता नसून उपचारसाध्य आजार आहे, असे आधुनिक वैद्यक मानते.

डोपामिन आणि प्रेरणा

डोपामिन हे चेतापेशींमध्ये संदेश वाहून नेणारे रसायन आहे. १९५० च्या दशकात स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी मेंदूतील त्याचे कार्य दाखवून दिले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डोपामिनला 'आनंदाचे रसायन' म्हटले जाते, पण ते तितकेसे अचूक नाही. 'आवडणे' आणि 'हवेसे वाटणे' या भिन्न प्रक्रिया असून डोपामिनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. अपेक्षेहून अधिक लाभ झाला की त्याचा स्राव वाढतो आणि तो लाभ देणारी कृती मनावर ठसते. म्हणूनच अनेक व्यसनींना नशेतून सुख मिळेनासे होते, तरी ओढ मात्र कायम राहते.

मादक पदार्थांचा परिणाम

दारू, तंबाखूतील निकोटिन, हेरॉइन इत्यादींमुळे डोपामिन प्रमाणाबाहेर वाढते. वारंवारच्या माऱ्याने मेंदूचा प्रतिसाद बोथट होतो. तोच परिणाम साधण्यासाठी अधिक मात्रा लागते आणि रोजच्या साध्या गोष्टींतील गोडी कमी होते. कपाळामागील, निर्णय व संयम सांभाळणाऱ्या भागाचे नियंत्रणही सैल पडते.

ताणाची भूमिका

ताण आला की अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल स्रवते. सेवन थांबवल्यावर हीच ताणयंत्रणा अधिक सक्रिय होऊन बेचैनी व निद्रानाश जाणवतो. अशा वेळी जुना मित्र, ओळखीचा गुत्ता किंवा घरातील भांडण एवढेही पुन्हा व्यसनाकडे वळण्यास पुरते.

महाराष्ट्रातील उपचार

१९८० च्या दशकात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगरचे व्यसन मुंबई-पुण्यातील तरुणांत पसरले. त्या पार्श्वभूमीवर मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे त्यास साहाय्य लाभले. औषधोपचाराबरोबर समुपदेशन, गटचर्चा, कुटुंबाचा सहभाग व दीर्घ पाठपुरावा यांवर तेथे भर दिला जातो. मेंदूतील बदल निवळण्यास महिने लागत असल्याने पाठपुरावा महत्त्वाचा ठरतो.

सावधगिरी

दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास झटके किंवा भ्रम होऊ शकतो व जिवास धोका संभवतो. म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. हेरॉइन काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.