स्तनाचा कर्करोग : कौटुंबिक इतिहास आणि प्रतिबंधक निर्णय

रक्ताच्या नात्यात स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास निरोगी स्त्रीची जोखीम किती वाढते, ती कशी ओळखतात आणि कमी करण्यासाठी कोणते निर्णय घेता येतात, यांचा विचार या नोंदीत केला आहे. कर्करोगाची जागतिक आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅन प्रकल्पाच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात या रोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८,००० मृत्यू झाले. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के कर्करोगांच्याच मुळाशी वारशाने आलेला एखादा ठळक जनुकदोष असतो. बहुसंख्य रुग्णांच्या आई, बहीण किंवा मुलीला हा रोग झालेला नसतो. त्यामुळे घरात कोणालाच नाही म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे आणि आईला झाला म्हणजे आपल्यालाही होणारच असे धरून बसणेही तितकेच चुकीचे आहे.

इतिहास : फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध करून त्यातील अनेक पिढ्यांत स्तनाचा कर्करोग आढळल्याचे दाखवले. हे कुटुंब त्यांच्या पत्नीचे होते असे मानले जाते. विसाव्या शतकात अमेरिकेतील ओमाहा येथे हेन्री लिंच यांनी स्तन व अंडाशय या दोन्ही कर्करोगांची कुटुंबे गोळा केली. तरीही आनुवंशिक कारणाची कल्पना बराच काळ दुर्लक्षित राहिली. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांच्या अभ्यासावरून संबंधित जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे सिद्ध केले. कमी वयात रोग झालेली कुटुंबे वेगळी काढल्यावरच हा संबंध स्पष्ट दिसला. रोग होण्याच्या वेळचे वय विचारण्याला आज जे महत्त्व आहे, त्याचा उगम येथे आहे. १९९४ मध्ये मार्क स्कोल्निक यांच्या गटाने बीआरसीए-१ हे जनुक वेगळे केले, तर १९९५ मध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ शोधले.

जनुके व जोखीम : ही दोन्ही जनुके डीएनएमधील तुटी दुरुस्त करण्यास मदत करतात. त्यांत दोष असल्यास पेशींत चुका साचत जातात. दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता अनुक्रमे ४४ व १७ टक्के असते. पीएएलबी-२, टीपी-५३, पीटेन, एटीएम आणि चेक-२ या जनुकांतील दोषांनीही जोखीम कमीअधिक वाढते.

जनुकदोष सापडला नाही तरी कौटुंबिक इतिहासाला अर्थ असतो. २००१ मध्ये ५२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की आई, बहीण व मुलगी यांपैकी एकीला रोग झालेला असल्यास जोखीम सुमारे १.८ पट, दोघींना असल्यास २.९ पट आणि तिघींना असल्यास ३.९ पट होते.

इतिहासाची नोंद : किमान तीन पिढ्यांची आणि दोन्ही बाजूंची माहिती घ्यावी. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ‘कुटुंब’ म्हटले की सासरची माहिती सांगितली जाते. येथे उपयोगाची असते ती माहेरची. आई, आजी, मावशी यांची चौकशी होते, पण आत्या, वडिलांची आई आणि चुलतबहिणी सुटतात. वडिलांकडून आलेला दोष अशा वेळी नजरेतून निसटतो. प्रत्येक रुग्णाचा अवयव, रोग झाला तेव्हाचे वय आणि एका की दोन्ही स्तनांत झाला हे लिहावे. ‘पोटात गाठ झाली होती’ एवढ्यावर सांगितलेला मृत्यू अंडाशयाच्या कर्करोगाचा असू शकतो, म्हणून जुने कागद, विशेषतः पॅथॉलॉजीचे अहवाल, जपून ठेवावेत. पन्नाशीच्या आत झालेला रोग, अंडाशयाचा कर्करोग किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग आढळल्यास आनुवंशिकी सल्ला घेणे आवश्यक ठरते. मुलीचे लग्न जमण्यात अडचण येईल या भीतीने अनेक घरांत आजार दडवला जातो. तो दडवल्याने नुकसान होते ते त्याच घरातील पुढच्या मुलींचे, कारण वेळेवर तपासणी करण्याची त्यांची संधी जाते.

मुंबईतील नोंदी : लोकसंख्येवर आधारित भारतातील पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. दाराब जुसावाला व सहकाऱ्यांनी तिच्या आधारे दाखवले, की शहरातील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. उशिरा होणारी लग्ने आणि कमी अपत्ये हे एक स्पष्टीकरण दिले जाते. समाजांतर्गत विवाहांमुळे आनुवंशिक घटकांचा वाटा किती, याबद्दल एकमत नाही.

टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची चाचणी केली. त्यांपैकी एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तपासणीच्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. ही चाचणी सर्वसाधारण स्त्रियांसाठी होती. आनुवंशिक रोग बहुधा तरुण वयात होत असल्याने तिचा निष्कर्ष जनुकदोष असलेल्या स्त्रियांना जसाच्या तसा लावता येत नाही.

जनुकचाचणी : शक्यतो रोग झालेल्या व्यक्तीची चाचणी आधी करतात. तिच्यात दोष सापडला की नातेवाइकांत नेमका तोच शोधता येतो आणि त्यांतील निरोगी व्यक्तीचा ‘नाही’ हा निकाल खरा दिलासा ठरतो. काही वेळा अर्थ न लागलेला बदल सापडतो. त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. असे निकाल भारतीयांत अधिक मिळतात, कारण संदर्भासाठी असलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे या जनुकांची पेटंटे असल्याने अमेरिकेत चाचणी दीर्घकाळ महाग राहिली. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवर पेटंट देता येत नाही असा निर्णय दिला.

निर्णयाचे पर्याय :

(१) सतत देखरेख : बीआरसीए-दोष असल्यास साधारणतः २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही सुचवतात. यामुळे रोग टळत नाही, लवकर सापडतो.

(२) औषध : १३,३८८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत (१९९८) टॅमॉक्सिफेनमुळे नव्या आक्रमक कर्करोगांचे प्रमाण ४९ टक्क्यांनी घटले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या हे त्याचे धोके आहेत. बीआरसीए-१ मधील बहुतेक गाठी संप्रेरकांना प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे तेथे लाभ अनिश्चित आहे.

(३) शस्त्रक्रिया : मेयो क्लिनिकच्या १९९९ च्या अभ्यासात कौटुंबिक इतिहास असलेल्या ६३९ स्त्रियांत दोन्ही स्तन काढल्यावर कर्करोगाचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळले. आयुर्मान किती वाढते यावर मतभेद आहेत. अंडाशयाच्या कर्करोगासाठी भरवशाची स्क्रीनिंग चाचणी नाही. म्हणून मुले झाल्यानंतर अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला अधिक ठामपणे दिला जातो : बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ वयाच्या सुमारास. अकाली रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज यांची कल्पना आधी द्यावी.

मे २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी अशी स्तनशस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर केले. त्यांच्या आईचे ५६ व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ब्रिटनमध्ये कौटुंबिक इतिहासासाठी विशेष केंद्रांकडे पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या जवळपास अडीचपट झाली.

पुरुष : बीआरसीए-२ दोष असलेल्या पुरुषांत स्तन व प्रोस्टेट यांच्या कर्करोगाची जोखीम वाढते.

विमा : दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्यविम्यातून आनुवंशिक विकार सरसकट वगळणे भेदभावकारक ठरवले, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

निर्णयाधिकार : देखरेख, औषध किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कोणताही निर्णय क्वचितच तातडीचा असतो. पती, सासर किंवा डॉक्टर यांच्या दबावाविना, दोन-तीन भेटींत पूर्ण माहिती घेऊन तो त्या स्त्रीनेच करावा. देखरेखीवर राहण्याची तिची निवडही शस्त्रक्रियेइतकीच विचारपूर्वक असू शकते आणि डॉक्टरांनी तिला तितक्याच आस्थेने साथ दिली पाहिजे.