वसईचा कोड कोणत्या सालचा?

2013 साली वसईचा किल्ला पाहायला आलेला पाहुणा सरकारी हिशेबात ठाणे जिल्ह्यात आला. तोच पाहुणा 2015मध्ये पुन्हा आला, तर तो पालघर जिल्ह्यात आला. किल्ला जागचा हलला नव्हता. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा राज्याचा 36वा जिल्हा झाला, एवढंच मधल्या काळात घडलं होतं. पण हे ठाऊक नसलेल्या माणसाने दोन्ही सालांचे तक्ते शेजारी ठेवले, तर ठाण्याचे पाहुणे एकाएकी का घटले, याची कारणं तो शोधत बसेल.

वालीवमध्ये धुमाळ नगरातल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून मी हेच काम करते. खालच्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं निघतात, वर आम्ही पर्यटन कंपन्यांच्या याद्या जुळवतो. हॉटेलवाल्याने पाहुण्याचा पिन कोड लिहिलेला असतो, तिकीट काढणाऱ्याने स्टेशनचा कोड, गाडीवाल्याने नंबरप्लेट, आणि एखाद्याने नुसतंच ‘वसई’. हे सगळं एकाच जागेचं आहे हे ओळखावं, म्हणून आम्ही कोड शोधायचं सॉफ्टवेअर बनवलं. ते बनवता बनवता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कोड कुणीतरी, कधीतरी, आपापल्या गरजेपुरता बेतलेला आहे.

आमच्या भागाला आकड्यांत बसवण्याचा उद्योग फार जुना. दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलाच्या ग्रंथात हजारो ठिकाणांची अक्षांश-रेखांशासह यादी केली. त्यात ‘सौपारा’ आहे, म्हणजे आपलं सोपारा. तो स्वतः इकडे फिरकला नव्हता. खलाशांच्या आणि प्रवाशांच्या सांगण्यावरून त्याने हिशेब मांडला. आकडे दिसायला काटेकोर, पण ते नकाशावर मांडले की भारताचा पश्चिम किनारा आडवा होतो आणि द्वीपकल्प चेपून जातं. तरीही पद्धत मोलाची होती. नावाचा उच्चार कसाही होवो, आकड्यांवरून जागा शोधता यावी, हा तिच्यामागचा विचार.

वसईला याची गरज जास्तच होती. पोर्तुगीजांचं ‘बसाईं’, 1739मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई, इंग्रजांचं ‘बॅसीन’. त्यात इंग्रजांच्या राज्यात ब्रह्मदेशातही एक ‘बॅसीन’ होतं, आजचं पाथेन. त्यामुळे नुसतं ‘बॅसीन’ लिहून भागत नसे, मुंबई इलाख्यातलं की ब्रह्मदेशातलं हेही सांगावं लागे. बीबीसीआय रेल्वे आली तेव्हा गाव आणि किल्ला रुळांपासून दूर राहिले, म्हणून स्टेशनचं नाव ‘बॅसीन रोड’ पडलं. पुढे पाटीवर ‘वसई रोड’ आलं, पण तिकिटाच्या यंत्रणेत स्टेशनचा कोड आजही ‘बीएसआर’ आहे. पाटी रंगवणं सोपं. कोड बदलायचा तर ज्या ज्या वहीत आणि यंत्रात तो शिरलाय, तिथे तिथे बदलावा लागतो.

पिन कोडची गोष्ट तर एका मराठी माणसाची आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. एकसारख्या नावांची गावं, पत्त्यांच्या अनेक भाषा आणि वाचता न येणारं अक्षर यांमुळे पत्रं भरकटत. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन कोड सुरू झाला. आमच्या भागाचा 401208 वाचून पाहा. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन आकडे टपाल कुठे वर्गीकरणाला जायचं ते सांगतात: 400 मुंबई, 401 आमचा भाग, 402 रायगड, 403 गोवा. शेवटचे तीन पोस्ट ऑफिस ठरवतात. पालघर वेगळा झाला तरी 401 तसाच राहिला, कारण पिन कोड टपालाच्या वाटेने चालतो, जिल्ह्याच्या हद्दीने नाही. म्हणूनच पिनवरून जिल्हा ठरवायला गेलं की यादी फसते.

गाड्यांनी मात्र जिल्ह्याच्याही आधी वेगळी चूल मांडली. पूर्वी आमच्याकडच्या गाड्या ठाण्याच्या ‘एमएच 04’ खाली, आता वसईच्या ‘एमएच 48’ खाली. शेजारचा मुंबई-अहमदाबाद महामार्गही 2010च्या फेरक्रमांकनात 8चा 48 झाला. दोन अठ्ठेचाळीसांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण नवी मुलं यादीत एकाच्या रकान्यात हमखास दुसरा टाकतात. जनगणनेत 2011 साली महाराष्ट्र 27 आणि ठाणे 517. तेव्हाचं ठाणे देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होतं, 1 कोटी 10 लाखांहून जास्त माणसं. त्यात वसई, पालघर, डहाणू, जव्हार सगळे आले. त्या दप्तरात आमचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावरच आहे.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. युरोपात पाहुण्यांच्या मुक्कामांचे आकडे ‘नट्स’ नावाच्या प्रदेश-कोडांनुसार छापतात. 2016मध्ये फ्रान्सने मुख्य भूमीवरचे 22 प्रांत जोडून 13 केले, तेव्हा तिथलेही कोड नव्याने लिहावे लागले. त्यांच्याकडे निदान कुठली आवृत्ती वापरली, ते तक्त्यावर लिहिण्याची रीत आहे.

तीच रीत आम्ही घेतली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिकाणाच्या नावापुढे कोड आणि कोडापुढे दोन रकाने आहेत: कधीपासून, कधीपर्यंत. कुणी ‘वसई’ टाकलं की ते आधी साल विचारतं. ग्राहक कुरकुरतात, त्यांना एका बटणात उत्तर हवं असतं. पण साल न विचारता दिलेलं उत्तर टॉलेमीच्या किनाऱ्यासारखं असतं, दिसायला काटेकोर आणि जागेवर आडवं. 2027च्या जनगणनेत पालघर पहिल्यांदाच स्वतंत्र जिल्हा म्हणून मोजला जाईल आणि आमच्या तक्त्यात एका ओळीची भर पडेल. 517ची ओळ मी खोडणार नाही. 2011चे आकडे मागणारा कुणीतरी येणारच, आणि त्याला वसई ठाण्यातच सापडली पाहिजे.