आसाची करकर आणि जीपची घरघर : अहमदनगर जिल्ह्यातील वाहनदोषांच्या ध्वनिवाचक शब्दांचा विचार

वाहनांच्या इतिहासात मार्गांची, व्यापाराची व यंत्ररचनेची नोंद होते. वाहनांच्या आवाजाची सहसा होत नाही. वस्तुतः चालत्या वाहनातील दोष पुष्कळदा प्रथम कानालाच कळतो, आणि तो दुरुस्त करणाऱ्यास कळवावयाचा तर त्या आवाजाला शब्द लागतो. शब्द चुकला की निदान चुकते, आणि निदान चुकले की भलताच भाग उघडला जातो. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) बैलगाडीच्या आसापासून आजच्या उंच केलेल्या जीपच्या मागील आसापर्यंत वाहनाचे भाग बदलले आणि त्यांची नावेही बदलली. आवाजांची नावे मात्र मराठीच राहिली. या स्थित्यंतराचा इतिहास आणि निदानाच्या कामी त्या शब्दांचे मोल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

चाक ज्याच्याभोवती फिरते त्या दांड्याला मराठीत ‘आस’ किंवा ‘आख’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत ‘अक्ष’ या एकाच शब्दापासून आलेले आहेत. ‘क्ष’ या जोडाक्षराचा मराठीत कोठे ‘ख’ झाला, तर कोठे ‘स’ किंवा ‘श’. क्षेत्र–शेत, मक्षिका–माशी, इक्षु–ऊस ही दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे होत. ज्या जिल्ह्याची अर्थव्यवस्था उसावर उभी राहिली, तेथे ऊस आणि तो वाहणाऱ्या गाडीचा आस हे दोन्ही शब्द एकाच ध्वनिनियमाने घडलेले असावेत, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

जुन्या गाडीच्या चाकाचे तुंबा, आरे, पाटे आणि धाव हे भाग सर्वांच्या परिचयाचे होते. तुंबा आसावर घासत फिरे. म्हणून वंगण संपले की गाडी ‘करकरे’. हा आवाज म्हणजे कोरड्या घर्षणाची खूण होती आणि तिचा उपायही एकच होता. आवाज, कारण व उपाय यांचा असा सरळ संबंध असल्यामुळे गाडीवानाला निदानाचे वेगळे शास्त्र शिकावे लागले नाही.

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि कालव्यांखालील बागायत वाढली. १९४८ मध्ये नोंदल्या गेलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या सुमारास गाळप सुरू केले. पुढे ऊसवाहतुकीत हवेच्या टायरांची बैलगाडी रूढ झाली. तिच्या चाकात बेअरिंग असते. त्यामुळे करकर थांबली. पण तिच्याबरोबर घर्षणाची पूर्वसूचना देणारा तो सोपा आवाजही गेला. बेअरिंग बराच काळ मुकाट्याने झिजते, आणि बोलू लागते तेव्हा पुष्कळदा ती बदलण्याची वेळ आलेली असते.

२

अहमदनगर शहराचा यांत्रिक वाहनांशी आलेला संबंध प्रामुख्याने लष्करामुळे दृढ झाला. १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था येथे आकारास आली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन संस्थाही याच शहरात आहे. त्याच सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीप जोडण्याचे काम हाती घेतले आणि पुढे या गाड्या देशातच तयार होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धासाठी निर्माण झालेले हे वाहन अशा रीतीने शेतीच्या व घाटाच्या रस्त्यांवर आले.

जीपबरोबर तिच्या भागांची इंग्रजी नावे आली : जॉइंट, क्रॉस, क्राउन, पिनियन, हौसिंग, हब. यांतील ‘अ‍ॅक्सल’ हा शब्द परका वाटला तरी तो ‘अक्ष’ याचाच दूरचा आप्त आहे. दोहोंचे मूळ एकाच आद्य इंडो-युरोपीय शब्दात आहे. मात्र या नामांना जोडलेली क्रियापदे मराठीच राहिली. ‘क्रॉस गेला’, ‘बेअरिंग गेली’, ‘पाटा तुटला’ असे बोलले जाते. फारसी ‘कमान’ आणि देशी ‘पाटा’ हे शब्द स्प्रिंगसाठी आधीच उपलब्ध होते. आवाजाच्या बाबतीत तर उसनवारीची गरजच भासली नाही. मराठीचे अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द इतके विपुल आहेत की मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) त्यांना मोठी जागा मिळालेली दिसते.

३

जीपच्या आवाजाचे कारण बैलगाडीच्या करकरीइतके सरळ नाही. इंजिनाची गती मागील आसाकडे प्रोपेलर शाफ्ट नेतो. आस खालीवर होत असल्यामुळे या दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकता सांधा लागतो. दोन काटे आणि त्यांच्यामधील चार टोकांचा क्रॉस अशी त्याची रचना असते. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव या सांध्याला लाभले, तर इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७६ मध्ये त्याचे वर्णन केले. मोटारीसाठी त्याला व्यवहार्य रूप देणाऱ्या क्लॅरन्स स्पायसर या अमेरिकन अभियंत्याला १९०३ मध्ये पेटंट मिळाले. विलिस जीपचे सांधे व आस स्पायसर याच नावाचे होते.

या सांध्यात एक अंगभूत वैगुण्य आहे. दोन दांडे एकमेकांशी कोन करून असतील, तर पहिला समगतीने फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो व दोनदा मंदावतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का असतो. २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. उपाय असा की दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवावयाचे आणि दांड्यावरील दोन्ही काटे एकाच पातळीत बसवावयाचे. म्हणजे एका सांध्याने निर्माण केलेली विषमता दुसरा फेडतो. शाफ्टचे काम शांतपणे चालते ते या समतोलावर.

जीप उंच केल्याने नेमका हाच समतोल ढळतो. अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) परिसरातील दगडी वाटांवर व ओढ्यांतून जाताना गाडीचे पोट खडकाला लागू नये, म्हणून जादा पाटे घालून किंवा लांब शॅकल लावून सांगाडा वर उचलतात. (मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेतील फेरबदलांवर निर्बंध आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.) जीपच्या दोन आसांमधील अंतर अवघे ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सें. मी. असल्यामुळे तिचा मागील शाफ्ट आखूड असतो. ५० सें. मी. लांबीच्या दांड्याचे एक टोक ५ सें. मी. उचलले तर कोन सुमारे पावणेसहा अंशांनी बदलतो. तोच दांडा मीटरभर असता तर ही वाढ तीन अंशांच्या आतच राहिली असती. त्यात लांब शॅकलमुळे आसही किंचित फिरतो आणि पिनियनचे तोंड वर होते. मग दोन टोकांचे कोन सारखे उरत नाहीत. भाग सर्व नवे व निर्दोष असूनही गाडी घुमू लागते, याचे रहस्य हे आहे.

४

या आवाजांचे निदान करताना मराठीची शब्दरचनाच पुष्कळ मदत करते. ‘खट्’ असा हलन्त शब्द एका घटनेचा वाचक आहे, ‘खटखट’ पुनरावृत्तीचा, ‘खडखडाट’ अखंड व मोठ्या नादाचा. घोष व महाप्राण व्यंजने (घरघर, घोंघावणे) जड, खालच्या नादाकडे झुकतात. ‘कुईकुई’सारख्या शब्दांतील स्वर बारीक, उंच नादाकडे. ‘थरथर’ हा शब्द तर प्राधान्याने स्पर्शाचा आहे. कानाला ऐकू येणारे आणि बैठकीला जाणवणारे यांत भाषा आपण होऊन भेद करते.

हे भेद यंत्रातील भेदांशी जुळवून पाहता येतात. गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना एकदाच ‘खट्’ होत असेल, तर क्रॉस झिजला आहे किंवा दात्यांतील खेळ वाढला आहे. मंद वेगात ‘कुईकुई’ येत असेल, तर क्रॉसच्या टोपीतील बारीक बेअरिंग कोरडी पडली असण्याचा संभव असतो. वेग घेताना येणारी व अ‍ॅक्सिलरेटर सोडताच बदलणारी ‘भुणभुण’ क्राउन-पिनियनकडे बोट दाखविते. भाराने न बदलणारी, पण वळणावर कमीअधिक होणारी ‘घरघर’ चाकाच्या बेअरिंगची असते. केवळ वळतानाच ‘कडकड’ वाजत असेल तर डिफरन्शियलमधील लहान दातेचक्रांचा संशय घ्यावा. विशिष्ट वेगालाच येणारी ‘थरथर’ बहुधा शाफ्टच्या कोनाची किंवा असमतोलाची असते. जाड नक्षीच्या टायरांचा घोंघाट यांपैकी पुष्कळ आवाजांचे सोंग आणतो. पण डांबरी रस्ता सोडून मातीवर येताच तो बदलतो, यंत्रातला आवाज सहसा बदलत नाही.

शब्दाची परीक्षा अंकाने करता येते. विलिसच्या सीजे-३बी या नमुन्यात शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक होतो. तिच्या मूळ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.३ मीटर आहे. ताशी ४० कि. मी. वेगाने चाक दर सेकंदास सुमारे ५ वेळा फिरते, शाफ्ट २६ वेळा, आणि सांध्याच्या कोनाचा दोष फेऱ्यात दोनदा उमटत असल्यामुळे तो ५२ वेळा. सेकंदाला पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात. त्यांना मराठी माणूस ‘थडथड’ म्हणतो. बावन्न ठोके सुटे राहत नाहीत. ते मिसळून ‘घूं’ असा सलग नाद होतो. ‘थडथडते’ म्हणणारा व ‘घुमते’ म्हणणारा हे नकळत वारंवारतेचाच भेद सांगत असतात.

५

निदानाचा क्रमही यातूनच ठरतो. प्रथम आवाज कोणत्या वेगाला, भारावर की भार सोडताना, सरळ जाताना की वळताना येतो हे पाहावे. नंतर गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी लावून शाफ्ट हाताने हलवावा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर तो येथेच कळतो. मग दोन्ही टोकांचे कोन मोजावेत. हे सर्व झाल्यावरही शंका उरली, तर चारही चाकांना गती देणाऱ्या जीपमध्ये आणखी एक कसोटी आहे. मागील शाफ्ट काढून, केवळ पुढील चाकांच्या जोरावर गाडी हळू चालवावी. आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. थांबला तर शाफ्टचा, किंवा भार पडल्यावरच बोलणाऱ्या दात्यांचा. मात्र जुन्या जीपचा हातब्रेक ट्रान्स्फर पेटीच्या मागील तोंडावर असतो. मागील शाफ्ट काढला की तो मागील चाकांना धरू शकत नाही, म्हणून उताराची जागा कटाक्षाने टाळावी.

या क्रमाला फाटा देऊन ‘मागून आवाज येतो’ एवढ्यावर डिफरन्शियल उघडणे महागात पडते. क्राउन व पिनियन ही जोडीने जुळविलेली चाके असतात. त्यांची बैठक एकदा हलली की ती पुन्हा नेमकी बसविणे कौशल्याचे काम आहे, आणि नसलेला दोष त्यातून नव्याने उत्पन्न होऊ शकतो. उलट ‘खट्’कडे दुर्लक्ष झाले तर क्रॉस तुटून शाफ्ट खाली येतो. घाटरस्त्यावर त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

६

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने व इतर संस्थांनी शास्त्रीय परिभाषेचे मोठे कार्य केले. परंतु परिभाषा भागांची सिद्ध झाली, दोषांच्या आवाजांची नाही. पारिभाषिक शब्द ग्रंथात राहिला आणि दुरुस्तीच्या जागी ‘अ‍ॅक्सल’ रुळला. या स्पर्धेत भाषेचे फारसे बिघडले नाही. ‘घरघर’ आणि ‘भुणभुण’ यांतील भेद पुसला गेला तर मात्र बिघडेल. कारण त्या भेदाबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रवणज्ञान जाईल, आणि त्याची जागा घेणारा उसना शब्दही हाताशी नाही. बैलगाडी, टायरगाडी व जीप या तिन्ही वाहनांचे आवाज ज्यांनी ऐकले आहेत, अशी माणसे या जिल्ह्यात अद्याप आहेत. कोशकारांनी या शब्दांपुढे केवळ ‘अनुकरणवाचक’ एवढे लिहून न थांबता, कोणत्या वस्तूचा, कोणत्या वेगाला व कोणत्या भाराखाली होणारा आवाज, याची नोंद त्यांच्याकडून करून घ्यावी.